आधी सांगून ठेवलेलं जेवण

यशवंतपूर स्टेशनातून दुपारी दोन गाड्या थोड्याफार अंतराने सुटतात. पावणेतीनच्या सुमाराला काचीगुड्याची वंदे भारत आणि तिच्या आगेमागे वास्को द गामाची एक्सप्रेस. पहिलीतल्या प्रवाशाने रात्री काय जेवायचं ते तिकीट काढतानाच सांगितलेलं असतं: शाकाहारी, मांसाहारी किंवा जेवण नकोच. दुसरीतल्या प्रवाशाला संध्याकाळी सातपर्यंत त्याचा पत्ता नसतो. दावणगेरे येतं, हावेरी येतं, मग वरच्या बर्थवरून कुणीतरी विचारतं, ‘हुबळीला काय मिळेल हो?’ याच स्टेशनातून वर्षातल्या ठरावीक तारखांना गोल्डन चॅरियट नावाची आलिशान गाडीही निघते. तिच्यात हा प्रश्नच येत नाही. माणशी चार लाखांच्या घरात जाणाऱ्या तिकिटात पाच रात्रींची जेवणं आलेली असतात.

क्रूझला जाणाऱ्यांमध्येही जेवणाचा असाच एक जुना वाद आहे. बोटीवरच्या खास रेस्टॉरंटांतली रात्रीची टेबलं घरी बसूनच राखून ठेवावीत, की त्या त्या संध्याकाळी मनाला येईल तिथे जेवावं? हा वाद बहुतेक वेळा स्वभावावर नेऊन सोडतात. काटेकोर माणसाने बुकिंग करावं, मनमौजी माणसाने करू नये, झालं. मला हे पटत नाही. एकच माणूस वंदे भारतमध्ये आधी सांगतो, वास्को एक्सप्रेसमध्ये सांगत नाही आणि दोन्हीकडे शहाणाच ठरतो. कारण यात स्वभावापेक्षा स्वयंपाकघराचा संबंध जास्त आहे. स्वयंपाकघर कुठे आहे, त्याला आज किती माणसं जेवणार हे कधी कळतं आणि उरलेलं अन्न कुणाच्या अंगावर पडतं, एवढं पाहिलं की बुकिंग कधी करायचं ते आपोआप कळतं.

वंदे भारतपासून सुरुवात करू. तिच्यात अन्न शिजत नाही. डब्यांच्या टोकाला गरम ठेवण्याची आणि गरम करण्याची कपाटं असतात, बस. जेवण जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात, ज्याला रेल्वेत ‘बेस किचन’ म्हणतात तिथे तयार होतं आणि मोजून गाडीत चढवलं जातं. गाडी सुटल्यावर त्यात एका ताटाचीही भर पडत नाही. म्हणून तिकीट काढताना जेवण नाकारलेल्या माणसाने गाडीत बसल्यावर मागितलं, तर ते शिल्लक असेल तरच मिळतं आणि जेवणामागे वर ५० रुपये पडतात. चहावरचं असलं जादा शुल्क रेल्वेने २०२२च्या जुलैत काढून टाकलं, जेवणावरचं मात्र ठेवलं. लोक याला दंड समजतात आणि चिडतात. माझ्या मते हे पन्नास रुपये रेल्वेच्या सगळ्या शुल्कांत सर्वांत समजण्यासारखे आहेत. चहाची पुडी आणि गरम पाणी उद्याही चालतं. डाळ-भाताचं ताट रात्री अकराला काचीगुड्याला पोचेपर्यंत कुणी खाल्लं नाही, तर ते कचऱ्यातच जाणार.

यामागचं गणित जुनं आहे. उद्या किती खप होईल हे माहीत नसताना आज किती माल भरायचा, आणि तोही असा की उद्या संध्याकाळी ज्याची किंमत शून्य होते? अर्थशास्त्रात याला वर्तमानपत्र विकणाऱ्याचं कोडं म्हणतात. १८८८ साली फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने ते बँकेच्या संदर्भात मांडलं होतं: खातेदार किती पैसे काढायला येतील हे ठाऊक नसताना बँकेने तिजोरीत किती रोकड ठेवावी? पुढे १९५१ साली अ‍ॅरो, हॅरिस आणि मार्शाक या तिघांनी त्याला मालसाठ्याच्या गणिताचं रूप दिलं. रेल्वेचा जेवणवाला हेच कोडं रोज सोडवतो, फक्त कागदावर न मांडता.

मांडून बघू. समजा, एक ताट तयार करायला ५० रुपये लागतात आणि ते ८० रुपयांना विकलं जातं. गिऱ्हाईक आलं आणि ताट नसलं, तर विक्रेत्याचे ३० रुपये हुकतात. ताट आहे आणि गिऱ्हाईक नाही, तर ५० रुपये बुडतात. बुडणारे पैसे हुकणाऱ्यांपेक्षा जास्त, म्हणून तो हात आखडता घेणारच. किती आखडता? तीस आणि पन्नास मिळून ऐंशी, त्यातले तीस म्हणजे आठात तीन. म्हणजे त्याने इतकीच ताटं घ्यावीत की आठांपैकी तीन संध्याकाळी ती सगळ्यांना पुरतील आणि उरलेल्या पाच संध्याकाळी कमी पडतील. एस-८ डब्यापर्यंत येता येता ‘संपलं’ असं सांगणारा पॅन्ट्रीचा माणूस आळशी नसतो, त्याचा अंदाजही चुकलेला नसतो. त्याच्या धंद्याचं नीट गणित केलं तर संपणंच बरोबर ठरतं. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. नफा वाढला की ताटं वाढतात, पण ‘कधीच संपू नये’ या टोकाला ती कधी जात नाहीत.

प्रवाशाने आधी सांगितलं की हे कोडंच उरत नाही. अंदाज बांधायचा नाही, बुडणारं ताट नाही. बुकिंग करणारा माणूस जेवणाबरोबर स्वयंपाक्याची अनिश्चितता स्वतःच्या डोक्यावर घेत असतो. आता भूक लागो न लागो, पोट बिघडो, शेजारच्या काकूंनी पुरणपोळी पुढे करो, ते ताट त्याचं. याची किंमत त्याला मिळायला हवी, आणि कधीकधी ती मिळतेही. १९१२च्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गासाठी मोठं भोजनगृह तर होतंच, शिवाय जादा पैसे घेऊन जेवू घालणारं एक वेगळं रेस्टॉरंटही होतं. लुइजी गॅटी नावाचा माणूस ते चालवायचा. प्रवासभर सगळी जेवणं तिथेच घेणार असं आधी सांगणाऱ्याला तिकिटाच्या भाड्यात सूट मिळायची. आपल्याकडे राजधानी-शताब्दीत जेवण नको म्हणणाऱ्याच्या भाड्यातून जेवणाचे पैसे वजा होऊ लागले ते २०१७च्या सुमाराला. शंभर वर्षांनी, पण तत्त्व तेच: आधी सांग, म्हणजे तुझा वाटा मोजता येतो.

आता वास्को एक्सप्रेस. हिचं स्वयंपाकघर गाडीत नाही आणि एका ठिकाणीही नाही, ते रुळांच्या कडेने गावोगाव विखुरलेलं आहे. तुमकूरजवळच्या क्यातसंद्राची ताट इडली, दावणगेऱ्याचा बेण्णे डोसा, हुबळीची मिरची भजी आणि गिरमिट, धारवाडचा पेढा. यातलं सगळंच फलाटावर मिळतं असं नाही, आणि फलाटावर मिळतं ते त्याच नावाचं असलं तरी त्याच चवीचं असतं असंही नाही. पण पर्याय एकामागोमाग येत राहतात. एका स्टेशनावर चुकलं तर तासा-दीड तासाने पुढचं आहेच. जिथे पर्याय असे रांगेत उभे असतात तिथे आधी ठरवून ठेवण्याची गरज कमी, आणि ऐन वेळी ठरवण्याची मजा जास्त. अर्थात रांग संपेपर्यंतच. वास्कोच्या वाटेवर ती हुबळी-धारवाडला संपते म्हटलं तरी चालेल. पुढे लोंढा मध्यरात्रीच्या आसपास, मग कॅसल रॉक, आणि मग १:३७ चा उतार असलेला ब्रगांझा घाट. तिथे बाहेर काळोखात दूधसागर असतो, जेवण नसतं. मनमौजी प्रवाशालासुद्धा आपला मौजेचा शेवटचा थांबा कुठला, एवढं ठाऊक असावं लागतं.

हुबळीचा फलाट हा या कथेतला सगळ्यात गमतीचा भाग. श्री सिद्धारूढ स्वामीजी स्टेशनाचा तो फलाट १,५०७ मीटर लांब आहे, जगातला सर्वांत लांब म्हणून १२ मार्च २०२३ला त्याचं उद्घाटन झालं. आधी हा मान गोरखपूरकडे होता. साध्या चालीने या टोकापासून त्या टोकाला जायला वीस मिनिटं लागतात. आपला डबा शेवटून दुसरा, खाण्याचा स्टॉल पुलाच्या पायथ्याशी आणि गाडी थांबणार जेमतेम. त्यात मिरची भजी तळायला टाकलेली, समोर चार माणसं आधीच उभी, एकाचे सुटे पैसे मिळत नाहीत आणि कान मात्र इंजिनाच्या शिट्टीकडे. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांना हे जमतं. सत्तरीच्या आईला घेऊन निघालेल्याला जमत नाही. ‘बघू पुढे काय मिळतंय ते’ हे वाक्य ज्याला धावता येतं त्यालाच शोभतं, हे क्रूझवरच्या चर्चांत कुणी बोलत नाही. तिथेही आठव्या डेकवरून चौथ्या डेकवर टेबल शोधत फिरणं गुडघे धरलेल्या माणसाला नकोसं होतं.

अशांसाठी मधली वाट आहे ती ई-केटरिंगची. आयआरसीटीसीने ती २०१४ साली सुरू केली. पीएनआर टाकायचा, वाटेतलं स्टेशन निवडायचं, त्या गावातल्या हॉटेलातलं जेवण मागवायचं, पैसे आत्ता भरायचे किंवा डबा हातात पडल्यावर. २०२४च्या मार्चमध्ये स्विगीही यात आली आणि तिच्या पहिल्या चार स्टेशनांत बेंगळुरू होतं. कागदावर हे दोन्हीकडचं भलं: गावातली चव, आणि तीही आधी सांगून.

पण यात एक खोच आहे. वंदे भारतचं जेवण गाडीला बांधलेलं असतं. गाडी दोन तास उशिरा धावली तर जेवणही तिच्याबरोबर दोन तास उशिरा धावतं. ई-केटरिंगचं जेवण स्टेशनाला बांधलेलं असतं. तुम्ही साडेआठचं जेवण म्हणून जे स्टेशन निवडलं ते पावणेअकराला आलं, तर जेवणही पावणेअकराला. हॉटेलवाला गाडीची वेळ बघून पाठवतो, त्यामुळे अन्न शिळं होत नाही, पण आपली भूक काही ‘रनिंग स्टेटस’ बघून लागत नाही. म्हणून ई-केटरिंगचं स्टेशन निवडताना जेवणाच्या वेळेच्या थोडं अलीकडचं घ्यावं. साडेसातला आलेला डबा तासभर राहू शकतो. दहाला येणाऱ्या डब्याची वाट बघत लहान मूल झोपून जातं. दुसरं, थांबा किती मिनिटांचा आहे ते बघावं. दोन मिनिटांत मोटरसायकलवरून आलेल्या पोराने फलाट, डबा आणि आसन शोधायचं म्हणजे त्याचीही परीक्षा आणि आपलीही.

पॅन्ट्री कार असलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीत, म्हणजे यशवंतपूरहून हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे असं करत दिल्लीकडे जाणाऱ्या संपर्क क्रांतीसारख्या गाडीत, चित्र आणखी वेगळं. संध्याकाळी पाच-सहाला हातात वही घेतलेला माणूस डब्यातून फिरतो, ‘खाना, खाना’ करत आसन क्रमांक लिहून घेतो. हे बुकिंगच, फक्त तीन तासांपूर्वीचं. मेल-एक्सप्रेसमधल्या प्रमाणित शाकाहारी जेवणाचा दर २०१९पासून ८० रुपये आहे आणि त्यात काय असावं हेही ठरलेलं आहे: १५० ग्रॅम भात, तेवढीच डाळ किंवा सांबार, १०० ग्रॅम भाजी, दोन पराठे किंवा चार चपात्या, ८० ग्रॅम दही आणि १२ ग्रॅम लोणचं. फॉइलचं झाकण उघडल्यावर डाळीचा ओघळ चपातीच्या कप्प्यात गेलेला दिसेल, तो भाग मात्र कुठल्याही परिपत्रकात नाही. वहीवाल्याला नाव दिलं तर ताट नक्की. न देता साडेआठला हाक मारली तर वरच्या गणितातल्या आठ संध्याकाळी आठवाव्यात.

आणि मग डेक्कन क्वीन. १ जून १९३०ला सुरू झालेल्या या गाडीला बसून जेवायची-खायची डायनिंग कार आहे, आणि २०२२मध्ये डबे नवे झाले तेव्हाही ती राखली गेली. चाळीस माणसांची बैठक. तिथे टेबल आधी राखून ठेवण्याची पद्धत नाही. उठून जायचं, खुर्ची रिकामी दिसली तर बसायचं, नाहीतर उभं राहून खाणाऱ्यांच्या प्लेटांकडे न बघण्याचा प्रयत्न करायचा. हे चालतं कसं? कारण कुणी तिथे दीड तास रेंगाळत नाही. चीज टोस्ट आणि चहा संपला की माणूस उठतो, खुर्ची फिरत राहते. बेंगळुरूच्या दर्शिनी हॉटेलांचंही तेच. १९८०च्या दशकात तिथे रुजलेल्या या पद्धतीत कूपन घ्यायचं, उभ्या टेबलाशी इडली-वडा खायचा आणि दहा मिनिटांत बाहेर. यशवंतपूर मेट्रोतून उतरून गाडी गाठणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. खुर्ची लवकर रिकामी होते तिथे बुकिंग लागत नाही. जिथे माणूस दोन-दोन तास बसतो, पाच पदार्थांचं जेवण एकामागून एक येतं, तिथे टेबल संध्याकाळी एकदाच किंवा दोनदाच भरतं आणि मग ते राखून ठेवावंच लागतं.

क्रूझच्या वादाचं मूळ नेमकं इथे आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ या बोटीवर १,८००च्या आसपास प्रवासी मावतात. ही बोट १९९०ची, आधी परदेशात फिरणारी, आपल्याकडे २०२१पासून. एवढी माणसं एका वेळी जेवायला बसतील असं भोजनगृह बोटीवर बांधणं परवडत नाही, ती जागा खोल्यांना लागते. म्हणून जगभरच्या क्रूझवर पूर्वापार दोन पंगती असत, एक लवकरची, एक उशिराची. टेबल तेच, शेजारी तेच, वाढणाराही तोच, प्रवासभर. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली हे मोडलं आणि हवं तेव्हा, हवं तिथे जेवा असं सांगायला सुरुवात केली. लोकांना ते आवडलं. पण पंगतीची शिस्त गेल्यावर सगळ्यांनाच साडेसात-आठला जेवायचं असतं हे उघड झालं, आणि मोकळेपणासाठी काढलेल्या व्यवस्थेत टेबलं आधी राखण्याची चढाओढ सुरू झाली. जी रेस्टॉरंटं लहान आणि जादा पैशांची, तिथे ती सर्वांत जास्त.

मला विचाराल तर क्रूझवर वास्को एक्सप्रेस आणि वंदे भारत दोन्ही एकाच बोटीत असतात. मोठं भोजनगृह आणि बुफे ही वास्को एक्सप्रेस: पर्याय रांगेत, काही ना काही मिळणारच, त्यासाठी कशाला राखून ठेवायचं? साठ-सत्तर खुर्च्यांचं खास रेस्टॉरंट ही वंदे भारत, तिथे जायचंच असेल तर आधी सांगा. आणि सांगताना दिवस पाहून सांगा. बोट बंदराला लागते त्या दिवशी माणूस उन्हातून, किल्ल्याच्या पायऱ्या चढून थकून येतो. त्याला वरण-भाताची आठवण येत असते आणि समोर पाच पदार्थांचं जपानी जेवण येतं. दिवसभर नुसता समुद्रच आहे असा दिवस राखीव जेवणाला चांगला. सगळ्या रात्री घरबसल्या राखणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. इतामार सायमनसन या संशोधकाने १९९०मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना पुढच्या काही आठवड्यांचा खाऊ आजच एकदम निवडायला सांगितला, तर ते दर वेळी वेगळा पदार्थ निवडत. त्याच दिवशी निवडायला सांगितलं, तर आपल्या आवडीचाच पुन्हा घेत. दूरवरून बघताना आपण स्वतःला आहोत त्यापेक्षा हौशी समजतो. सोमवारी इटालियन, मंगळवारी चिनी, बुधवारी स्टेक अशी यादी दिवाणखान्यात बसून छान दिसते. मंगळवारी मात्र सोमवारचंच हवं असतं.

गोल्डन चॅरियटने हा घोळ मुळातच टाळलेला आहे. २००८मध्ये कर्नाटकच्या पर्यटन महामंडळाने सुरू केलेली आणि आता आयआरसीटीसी चालवत असलेली ही गाडी चाळीस खोल्यांची, ऐंशी पाहुण्यांची. दोन रेस्टॉरंटं, ‘रुची’ आणि ‘नळपाक’. ऐंशी माणसांना दोन भोजनगृहं म्हटल्यावर टेबलासाठी कुणाशी झगडायचं? स्वयंपाक्याला सगळे पाहुणे पहिल्या दिवसापासून माहीत असतात, कुणाला कांदा-लसूण चालत नाही हेसुद्धा. इथे मोकळेपणा आणि आधी सांगणं यांत भांडण नाही, कारण आधी सांगण्याचे पैसे एकरकमी, तिकिटातच घेतलेले आहेत.

एका प्रकारच्या प्रवाशाला मात्र कुठलंही गणित लागू पडत नाही. यशवंतपूरहून आठवड्यातून एकदा पंढरपूरला गाडी जाते. तिच्यात एकादशी आली तर फलाटावरच्या भजीचा, पॅन्ट्रीच्या पराठ्याचा आणि ऐन वेळच्या मौजेचा काही उपयोग नाही. जैन प्रवासी, मधुमेही, शेंगदाणे न चालणारं मूल यांचंही तसंच. त्यांच्यासाठी ऐन वेळी पर्याय नसतातच. रेल्वे बोर्डाने २०२२च्या नोव्हेंबरमध्ये आयआरसीटीसीला प्रादेशिक पदार्थ, भरडधान्यं, मधुमेहींचं जेवण आणि लहान मुलांचं खाणं यादीत घेण्याची मोकळीक दिली, आणि नवरात्रात ई-केटरिंगवर उपासाची थाळीही मागवता येते. पण साबुदाण्याची खिचडी गार झाली की तिचा गोळा होतो, हे त्या थाळीलाही चुकत नाही. म्हणून पंढरपूरच्या गाडीत अजूनही राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि डझनभर केळी घरूनच निघतात, आणि वहीवाला आला की त्याला हातानेच ‘नको’ म्हणून सांगितलं जातं.